डाळिंबी शालूचा रंग: सोलापुरातील एका लग्नाच्या फायली, त्यांचे संपादन आणि परत आलेला अल्बम

सोलापुरातील एका विणकर कुटुंबात वैशाखात लग्न झाले. त्या लग्नाचा अल्बम छापून घरी पोहोचला आणि आठवड्याभरात स्टुडिओकडे परत आला. तक्रार मोजक्या शब्दांत होती: शालूचा रंग आमच्या शालूचा नाही, आणि मुलगी आमच्या मुलीसारखी दिसत नाही. कुटुंबाने पैसे परत मागितले नव्हते, अल्बम दुरुस्त करून मागितला होता. फोटोंचे संपादन आणि छपाईआधीची रंगदुरुस्ती हे माझे रोजचे काम असल्याने स्टुडिओने दोन्ही कॅमेऱ्यांच्या मूळ फायली, छापलेला अल्बम आणि एडिटिंगच्या सगळ्या फायली माझ्याकडे आणून दिल्या. कुटुंबाची किंवा स्टुडिओची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. फायलींत जे आढळले ते मात्र सविस्तर मांडले आहे, कारण लग्न रॉमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद) घ्यायचे की जेपीईजीमध्ये (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो), आणि घेतल्यावर फोटोवर किती हात फिरवायचा, हा प्रश्न आपल्या शहरातल्या लहान स्टुडिओंपुढे दर सीझनला येतो आणि बहुतेक वेळा कार्यालयाच्या दारात उभ्या उभ्या, घाईत सोडवला जातो.

स्टुडिओचे पथक नेहमीसारखेच होते. मुख्य फोटोग्राफर कॅन्डिड, म्हणजे पोज न देता सहज टिपलेले, फोटो घेणारा, दुसरा विधी आणि पाहुण्यांचे ट्रॅडिशनल फोटो घेणारा, आणि व्हिडिओसाठी तिसरा माणूस. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे. मुख्य फोटोग्राफर रॉमध्ये काम करत होता. दुसऱ्याला जेपीईजी लावून दिला होता, आणि त्यामागचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. अशा कॅमेऱ्याची १४ बिटांची रॉ फाईल साधारण २५ ते ३० एमबीची असते, तर उत्तम दर्जाची जेपीईजी १० एमबीच्या आसपास राहते. दोन हजार फोटो झाले तर जेपीईजीला सुमारे २० जीबी आणि रॉला ५० ते ६० जीबी जागा लागते. ती जागा कार्डावर लागते, हार्ड डिस्कवर लागते आणि बॅकअपच्या डिस्कवर पुन्हा लागते. शिवाय रॉ फाईल उघडून, रंग बसवून, जेपीईजी काढल्याशिवाय कोणाला देता येत नाही. लागोपाठ मुहूर्त असलेल्या वैशाखात, एकच एडिटर असलेल्या स्टुडिओने ट्रॅडिशनलचे फोटो थेट अल्बम डिझायनरकडे जाण्याजोगे मागावेत, हे समजण्यासारखे आहे. पाहुण्यांनाही संध्याकाळच्या आत व्हॉट्सॲपवर फोटो हवे असतात. हा तगादा ज्यांनी अनुभवला आहे ते जेपीईजीला नावे ठेवताना थोडे थांबतात.

या दोन प्रकारांत नेमका काय फरक आहे, हे तक्रार घेऊन आलेल्या आजोबांना समजावून सांगावे लागले. ते उत्तर येथेही उपयोगी पडेल. त्यांनी सारे आयुष्य हातमागावर काढलेले. त्यांना सांगितले की रॉ फाईल हे कोरे सूत आहे आणि जेपीईजी हे रंगवून, विणून, घडी घालून आलेले कापड आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो. ही मांडणी कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून चालत आली आहे. रॉ फाईलमध्ये ही मोजमापे जवळपास जशीच्या तशी राहतात आणि १४ बिटांत प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात. जेपीईजीत कॅमेरा क्षणार्धात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडात पांढरे कशाला धरायचे ते, ठरवतो, कॉन्ट्रास्ट आणि रंगांचा गडदपणा वाढवतो, कडा धारदार करतो, प्रत्येक रंग २५६ पायऱ्यांत बसवतो आणि डोळ्याला कमी जाणवेल अशी माहिती टाकून देऊन फाईल लहान करतो. १९९२ पासून चालत आलेले हे तंत्र आपल्या जागी उत्तमच आहे, आणि २५६ पायऱ्यांच्या तीन रंगांतून १ कोटी ६७ लाख छटा निघतात, म्हणजे पाहण्यासाठी त्या पुरून उरतात. अडचण येते ती रंग चुकल्यावर. कापड एकदा रंगले की त्यातला ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, वेगळा रंगवता येत नाही, हे आजोबांना मी सांगण्याची गरज नव्हती.

हळद सकाळी, भवानी पेठेतल्या राहत्या घराच्या अंगणात झाली. मुख्य फोटोग्राफर थेट कार्यालयात येणार होता, म्हणून हळदीला दुसरा एकटाच गेला. अंगणावर पिवळ्या आणि गुलाबी पट्ट्यांचा मांडव होता. सोलापूरचे वैशाखातले ऊन नऊ वाजताच चढलेले असते. ते मांडवाच्या कापडातून गाळून खाली उतरताना त्या कापडाचा रंग घेऊनच उतरते, आणि मांडवाच्या उघड्या बाजूने पांढरा उजेड आडवा येतो. त्यामुळे एकाच चेहऱ्याचे कपाळ पिवळे, एक गाल गुलाबी आणि दुसरा गाल जसा असावा तसा, अशी स्थिती होती. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता. फ्रेममध्ये पिवळा रंग भरून राहिला की कॅमेऱ्याला उजेडच पिवळा वाटतो आणि तो फोटो निळसर बाजूला ढकलतो. फ्रेम रुंद झाली, भिंत किंवा पांढरे धोतर आत आले, की तो पुन्हा सावरतो. पाठोपाठ घेतलेल्या तीन फोटोंत हळदीच्या तीन वेगळ्या छटा दिसत होत्या. एका पानावर शेजारी शेजारी लावल्यावर हे फोटो तीन वेगळ्या घरांतले वाटत होते.

त्याहून मोठे नुकसान गालांवर झाले होते. हळदीतले रंगद्रव्य निळा उजेड शोषून घेते, म्हणूनच हळद पिवळी दिसते. फोटोत याचा अर्थ असा की हळद माखलेल्या त्वचेवर निळ्या रंगाची नोंद मुळातच फार खाली असते. त्यात या कॅमेऱ्यावर रंग गडद करणारी 'व्हिव्हिड' सेटिंग लावलेली होती. त्यामुळे जेपीईजी बनताना निळा आकडा थेट शून्यावर बसला. शून्यावर बसलेल्या भागात ओल्या हळदीचा दाणेदारपणा, बोटांनी ओढलेल्या रेषा, वाळून तडकलेला थर यांपैकी बरेच काही हरवते आणि गालावर पिवळा सपाट डाग उरतो. एडिटिंगमध्ये निळा कितीही वाढवला तरी जे नोंदलेच गेले नाही ते परत येत नाही. उलट रंगाच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि गालावर नकाशासारख्या हद्दी दिसू लागतात.

या प्रकरणातली माझी सगळ्यात ठाम नोंद येथे आहे. आपल्याकडे हळदीला घरगुती कार्यक्रम समजून तिथे सहायकाला आणि साध्या सेटिंगला पाठवण्याची पद्धत पडली आहे, आणि मुख्य माणूस व रॉ फाईल मुहूर्तासाठी राखून ठेवली जाते. उजेड आणि रंग यांचा विचार केला तर पूर्ण लग्नात हळदीइतका अवघड प्रसंग क्वचितच असतो. पाहुण्यांच्या रांगेचे, जेवणावळीचे, रुखवताचे फोटो जेपीईजीत घेतले तरी फारसे बिघडत नाही, कारण तिथे उजेड एकसारखा असतो आणि फोटोही लहान छापले जातात. फाईलचा प्रकार कार्यक्रमाच्या मानपानावरून ठरवला गेला, ही या कामातली पहिली चूक होती, आणि ती फोटोग्राफरची वैयक्तिक नाही, धंद्यातल्या सवयीची आहे.

मुहूर्त दुपारचा होता आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात दोन्ही कॅमेरे हजर होते. त्यामुळे एकाच क्षणाचे रॉ आणि जेपीईजी असे दोन्ही फोटो तपासायला मिळाले. अंतरपाट खाली येतो आणि अक्षता पडू लागतात, त्या क्षणी मुख्य फोटोग्राफर उजव्या हाताला होता आणि दुसरा डाव्या हाताला. एका बाजूच्या खिडक्यांतून पांढरे ऊन, स्टेजवर पिवळसर दिवे आणि समोरून व्हिडिओवाल्याचा थंड पांढरा एलईडी, असा तीन प्रकारचा उजेड वधूवर पडला होता.

शालू डाळिंबी होता, हिरव्या काठांचा, आणि धूपछाव विणीचा. ताणा लाल आणि बाणा जांभळ्याकडे झुकणारा, त्यामुळे घडी वळली की रंग बदलायचा. आजोबांनी तो नातीसाठी स्वतः निवडून आणला होता. अल्बम उघडल्यावर त्यांनी खांद्यावरच्या पदरावर बोट ठेवले आणि स्टुडिओच्या मालकाला म्हणाले, "मालक, ह्यो रंग आपल्या शालूचा नव्हं. ह्यात बाणाच दिसंना." त्यांची तक्रार शब्दशः खरी होती. जेपीईजी फाईल दुप्पट मोठी करून पाहिली तेव्हा पदराच्या मोठ्या भागात लाल रंगाचा आकडा २५५ वर, म्हणजे छताला, टेकलेला होता. जिथे सगळीकडे लाल २५५ आहे तिथे लाल ताण्यातले चढउतार दिसणार नाहीत आणि त्याच्याशी खेळणारा जांभळा बाणाही उठून दिसणार नाही. बुट्ट्यांची सोनेरी जर आजूबाजूच्या लालात विरघळली होती. जेपीईजीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाण्याची पद्धत आहे, त्यामुळे लाल आणि सोनेरी यांची हद्दही पुसट झाली होती.

फोटोग्राफरने एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, बेपर्वाईने ठेवले होते असे मात्र नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा साधा हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आलेख, एकूण उजेडाचा असतो, आणि त्यात हा फोटो व्यवस्थित वाटतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवण्याची सोय आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती चालू असती तर लालाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला तिथेच दिसला असता. आपल्याकडची वधू लाल, डाळिंबी किंवा कुंकवाच्या रंगात असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की तीन रंगांचा हिस्टोग्राम लावून ठेवणे हा लग्नाच्या फोटोग्राफरचा नेमच असायला हवा.

याच कॅमेऱ्यात आणखी एक गोष्ट सापडली. त्याच्या सगळ्या फायलींच्या नावांची सुरुवात अधोरेखेने होत होती, आणि ही खूण कॅमेरा ॲडोब आरजीबी या रंगव्यवस्थेवर असल्याची आहे. कोणीतरी 'जास्त रंग मिळतात' म्हणून ती लावली असावी. ॲडोब आरजीबीचा विस्तार प्रामुख्याने हिरव्या आणि निळसर हिरव्या बाजूला आहे. तिचा मूळ लाल एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेच्या लालाइतकाच आहे, म्हणून लाल शालूला तिचा काही उपयोग नव्हता. तोटा मात्र झाला. अल्बम डिझायनरने फोटो एसआरजीबीच्या टेम्पलेटमध्ये टाकताना रंगांचे रूपांतर केले नाही आणि शालूचे हिरवे काठ मरगळून गेले. ज्या स्टुडिओची छपाईच्या लॅबपर्यंतची साखळी एसआरजीबीवर चालते त्याने कॅमेऱ्यावरही जेपीईजीसाठी एसआरजीबीच ठेवावी. रॉ फाईलला या निवडीने काही फरक पडत नाही.

आता उजव्या बाजूच्या रॉ फाईलकडे येऊ. तिच्यात सगळे होते. लालाची नोंद छताला टेकली नव्हती, घडीवर जांभळी झाक होती, बुट्टी वेगळी दिसत होती. तरीही छापलेल्या अल्बममध्ये या फोटोतला शालूदेखील डावीकडच्या फोटोसारखाच सपाट लाल होता. कारण एडिटरने दोन्ही कॅमेऱ्यांच्या फोटोंना एकच विकतचा प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारी तयार सेटिंग, लावला होता, आणि तो प्रीसेट लाल व नारिंगी रंग उचलून चकचकीत करणारा होता. म्हणजे जेपीईजीने जे नुकसान कॅमेऱ्यातच केले होते, ते रॉच्या बाबतीत हातांनी करून घेतले गेले. रॉमध्ये फोटो घेतले म्हणून काम चांगले झाले, ही समजूत मी अनेकांकडून ऐकतो. रॉ फाईल दुरुस्तीची संधी शिल्लक ठेवते, आणि ती संधी वापरणारा माणूस नसेल तर मोठ्या डिस्का भरण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाही. फरक इतकाच की उजवीकडचा फोटो पुन्हा करता आला आणि डावीकडचा आला नाही.

पांढऱ्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. नवरदेवाचे पांढरे उपरणे खिडकीच्या उन्हात होते. रॉमध्ये ते थोडे भाजल्यासारखे दिसत असूनही त्यातली वीण परत आणता आली. जेपीईजीत मात्र खांद्यावर कोरा पांढरा पट्टा राहिला. सोलापूरच्या फोटोग्राफरांना ही गोष्ट शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांबरोबर पांढरीशुभ्र बाराबंदी (पारंपरिक अंगरखा) घातलेले भक्त भर उन्हात चालत असतात, आणि संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात त्या पांढऱ्याच्या गर्दीत सावळे चेहरे टिपायचे असतात. ज्याला तिथे बाराबंदीची चूण आणि चेहरा दोन्ही एका फोटोत राखता येतात, त्याला कार्यालयातले उपरणे अवघड जाऊ नये. त्या सोहळ्यात बहुतेक जण एक्सपोजर हाताने थोडे खाली ओढतात. लग्नात मात्र तेच लोक कॅमेऱ्यावर विसंबतात.

संध्याकाळच्या रिसेप्शनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे रॉ आणि जेपीईजी दोन्ही सारखेच हरले. स्टेजवर निळे आणि जांभळे एलईडी पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) होते. उजेडात निळ्याखेरीज जवळपास काहीच नसेल तर सेन्सरचे लाल आणि हिरवे बिंदू उपाशी राहतात. त्वचेचा रंग त्या उजेडात नसतोच, मग तो फाईलमध्ये कुठून येणार? अशा ठिकाणी उपाय जागेवरच करावा लागतो. समोरून स्वतःचा फ्लॅश द्यावा, किंवा घरच्या लोकांच्या फोटोंपुरते दिवे पांढरे ठेवायला डीजेवाल्याला सांगावे. स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर अनेकदा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास फोटोवर आडवे पट्टे येण्याचा धोका कमी होतो. या लग्नात शटर त्याहून वेगवान होते आणि काही फोटो पट्ट्यांमुळे बाद झाले.

तक्रारीचा दुसरा भाग मुलीच्या रंगाचा होता, आणि मला तो शालूपेक्षाही गंभीर वाटतो. वधू सावळी आहे. अल्बममध्ये ती गोरी होती, आणि नवरा शेजारी आपल्या मूळ रंगात. वराच्या मोठ्या बहिणीने फोटो निवडताना एडिटरला "वहिनीला जरा उजळ करा" असे सांगितले होते. एडिटरने वधूला न विचारता ते प्रत्येक फोटोत केले. अल्बम पाहिल्यावर वधूने एवढेच म्हटले की ही मी नाही.

उजळ करणे तांत्रिकदृष्ट्या कसे होते ते पाहिले म्हणजे बाकीची हानीही लक्षात येते. त्वचेचा रंग, मग ती गोरी असो की सावळी, बहुतांशी नारिंगी पट्ट्यात बसतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नारिंगीचा उजळपणा वाढवला की त्वचा फिकट होते. पण मेंदीही त्याच पट्ट्यात असते. या अल्बममध्ये वधूच्या तळहातावरची गडद चढलेली मेंदी विटकरी धूसर झाली होती. मेंदी चांगली रंगली म्हणून घरात तिचे कौतुक झाले होते, आणि अल्बममध्ये ती दोन आठवड्यांपूर्वी काढल्यासारखी दिसत होती. शालूची जर आणि दागिन्यांचे सोनेही त्याच झटक्यात फिके पडले होते. जिथे एडिटरने फक्त चेहऱ्यावर ब्रश फिरवला होता तिथे चेहरा एका रंगाचा आणि गळा दुसऱ्या रंगाचा. त्यावर त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर. जेपीईजीत आधीच कमी असलेले त्वचेचे बारकावे त्यानंतर उरलेच नाहीत, आणि हनुवटीवरची लहानपणची खूणही पुसली गेली होती.

फोटो नीट उजेडात असणे आणि माणसाला गोरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावळा चेहरा काळवंडून आला असेल तर एक्सपोजर वाढवून, सावलीतला भाग उचलून तो नीट दिसू देणे हे फोटोग्राफरचे कर्तव्यच आहे. त्यात त्वचेचा स्वतःचा रंग, तिच्यावरची तकाकी, ओठ आणि गाल यांतला फरक टिकून राहतो. रंगच बदलणे हे दुसऱ्याच्या देहाबद्दल न विचारता घेतलेला निर्णय आहे. तो नातेवाइकांच्या सांगण्यावरून घेतला तरी त्याची जबाबदारी स्टुडिओवर येते. ज्या मुलीचा तो चेहरा आहे तिच्याखेरीज कोणाचेही म्हणणे यात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे छपाईपर्यंत कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. फोटोंची निवड आणि अल्बमची मंजुरी दोन्ही व्हॉट्सॲपवर झाली होती. तिथे फोटो लहान होऊन, आणखी एकदा दाबला जाऊन जातो, आणि मोबाइलचा झगझगीत पडदा त्याला खुलवून दाखवतो. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे उघडे पान सहसा १२ बाय ३६ इंचांचे असते. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० बिंदूंनी, छापायचे तर रुंदीला १०,८०० पिक्सेल हवेत, आणि २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६,००० पिक्सेलच असते. पूर्ण पानावर पसरलेला फोटो म्हणजे ताणलेला फोटो. मोबाइलवर लपलेला प्रत्येक दोष तिथे हाताएवढा होतो. त्यात एडिटरचा लॅपटॉप कॅलिब्रेट केलेला, म्हणजे पडद्याचे रंग मोजून बसवलेला, नव्हता आणि त्याची ब्राइटनेस पूर्ण चढवलेली होती, म्हणून छापील पाने त्याच्या अपेक्षेपेक्षा गडदही आली.

दुरुस्ती अशी केली. रॉ फायली प्रीसेट काढून, साध्या प्रोफाइलवर, पहिल्यापासून उघडल्या. व्हाइट बॅलन्स ठरवायला फोटोतच एखादी रंगहीन वस्तू हवी असते. अक्षतांचा तांदूळ त्यासाठी चालत नाही, कारण तो हळदीकुंकवाने रंगलेला असतो. अंतरपाट पांढरा होता. त्याचा उन्हात न आलेला, न भाजलेला भाग निवडून तिथून सुरुवात केली, आणि मग चेहऱ्यांकडे पाहून थोडी ऊब परत वाढवली, कारण कार्यालयातला उजेड ऊबदारच होता आणि तो पूर्ण पुसून टाकणे खोटे ठरले असते. लालाचा गडदपणा आणि उजळपणा दोन्ही थोडे उतरवले. एसआरजीबीत आणताना लाल पुन्हा छताला टेकत नाही ना, हे तिन्ही रंगांच्या हिस्टोग्रामवर पाहिले. त्यानंतर कुटुंबाकडून शालूच मागवला. आजोबा आणि वधूची आई तो घेऊन आले. खिडकीजवळ, ऊन थेट येत नाही अशा उजेडात शालू पसरला आणि त्याच्या शेजारी लॅबच्या त्याच कागदावर काढलेले ८ बाय १२ चे नमुने ठेवले. पहिला नमुना आजोबांनी नाकारला. काठ ठीक होता, अंगाचा रंग अजून नारिंगीकडे जात होता. पुढच्यात जांभळ्याकडे किंचित सरकल्यावर त्यांनी पदराची घडी फोटोतल्यासारखी वळवून धरली आणि मान डोलावली. तो रंग संदर्भ म्हणून धरून बाकीचे सारे फोटो त्याच्याशी जुळवले. माझ्या कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरपेक्षा त्या घरातल्या डोळ्यांवर मी जास्त विसंबलो, आणि ते योग्यच होते.

डावीकडच्या जेपीईजी फोटोंपैकी बहुतेकांच्या जागी रॉमधले फोटो घातले. कन्यादानाच्या वेळी वडिलांचा चेहरा फक्त दुसऱ्या कॅमेऱ्यात होता. तो फोटो काढून टाकणे शक्य नव्हते. त्याच्यातला लाल थोडा दबवला, खोटी वीण रंगवण्याच्या फंदात पडलो नाही, आणि पूर्ण पानाऐवजी तो लहान आकारात छापला. असे फोटो कृष्णधवल करून दोष झाकण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. कुटुंबाला सांगून केली तर तिला माझी हरकत नाही. येथे विचारले असता आईने नको म्हटले, कारण तिला शालू रंगीतच हवा होता. हळदीच्या फोटोंत रुंद फ्रेमचे फोटो एकमेकांशी जुळवून वाचवता आले. गालांचे जवळचे फोटो नाही वाचले. त्यांच्या जागी वधूच्या मावसभावाने मोबाइलवर घेतलेले दोन फोटो घातले. ते मांडवाबाहेर, दाराच्या सावलीत, पांढऱ्या उजेडात घेतलेले होते, आणि त्यांत हळदीवरच्या बोटांच्या रेषा दिसत होत्या. जागा चांगली निवडली तर साधी फाईलही काय देऊ शकते, याचा तो पुरावा होता.

पुनर्छपाईचा खर्च स्टुडिओने सोसला. पुढच्या कामांसाठी स्टुडिओने जे ठरवले तेही या प्रकरणाचा भाग आहे. हळद, मुहूर्त आणि सायंकाळचे घरच्यांचे फोटो दोन्ही कॅमेऱ्यांवर रॉमध्येच घ्यायचे, आणि ज्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे त्यात दुसऱ्या कार्डावर लहान जेपीईजी ठेवायची, म्हणजे पाहुण्यांच्या व्हॉट्सॲपची निकड तिथून भागते. रांगेचे आणि जेवणाचे फोटो जेपीईजीतच राहतील. सगळेच रॉमध्ये घ्या असा सल्ला मी दिला नाही, कारण एका एडिटरच्या स्टुडिओला तो पेलणारा नाही. ज्या कॅमेऱ्यांत रॉ फाईल दर्जा न घालवता दाबून साठवण्याची सोय आहे तिथे ती वापरायची. छपाईआधी एका पानाचा नमुना कागदावर काढून कुटुंबाला दाखवायचा, मोबाइलवर नाही.

ऑर्डरच्या कागदावर दोन ओळी वाढल्या आहेत. पहिली अशी की रॉ फायली अल्बम स्वीकारल्यानंतर एक वर्ष ठेवल्या जातील आणि त्यापुढे हव्या असल्यास कुटुंबाने स्वतःची डिस्क आणून घेऊन जाव्यात. या प्रकरणात रॉ फायली अजून पुसल्या गेल्या नव्हत्या म्हणूनच काही करता आले. दुसरी ओळ त्वचेच्या रंगाबद्दल आहे: चेहऱ्यात किंवा वर्णात बदल हवा असल्यास ज्याचा फोटो आहे त्याच व्यक्तीने तसे लिहून द्यावे. वराच्या बहिणीने स्वतःच्या घरासाठी वहिनीचा पूर्वीचा उजळ केलेला फोटो फ्रेम करून मागितला, तेव्हा स्टुडिओने तिला ही ओळ दाखवली आणि वधूला फोन करायला सांगितले. वधूने दुरुस्त केलेल्या अल्बममधला, मेंदीचे हात पुढे असलेला फोटो निवडून दिला, आणि तोच छापून गेला.